सुरकुती तशीच राहू द्या

मी एक जुना अर्धा माणूस आहे, मित्रांनो. घाबरू नका. मला डोकं आहे, मान आहे, खांदे आणि छाती आहे. हात नाहीत, पाय नाहीत, आणि कमरेच्या जागी सपाट पत्रा आहे. कातडी रबराची, केस रंगवलेले. एखादा माणूस अचानक कोसळला आणि त्याचं हृदय बंद पडलं, तर मदत येईपर्यंत त्याच्या छातीवर दाबत राहून त्याला कसं तगवायचं, हे माणसं माझ्यावर शिकतात. थोडक्यात, बेशुद्ध पडून राहणं ही माझी नोकरी. ती मी इमानेइतबारे केली. एकदाही शुद्धीवर आलो नाही.

या नोकरीत सतत वर बघत पडावं लागतं. त्यामुळे मला छतं भरपूर पाहायला मिळाली, आणि त्याहून जास्त पाहायला मिळाले ते माझ्यावर ओणवलेले चेहरे. माणूस काहीतरी शिकत असताना त्याचा चेहरा खालून कसा दिसतो, हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. इतकी वर्षं झाली तरी त्याचं नवल माझ्या मनातून गेलेलं नाही.

माझा जन्म एका साच्यात झाला. गरम रबर ओतलं, निवू दिलं, आणि साचा उघडला तेव्हा मी होतो. मग मला एका लांब टेबलावर ठेवलं. तिथे एक बाई दिवसभर फक्त भुवया रंगवायच्या. माझ्या डाव्या भुवईच्या वेळी त्यांना शिंक आली आणि कुंचला किंचित वर गेला. तेव्हापासून माझा चेहरा 'असं कसं बरं झालं?' असं विचारल्यासारखा दिसतो. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या आणि मला तसंच पुढे सरकवलं. पुढे हा प्रश्न माझ्या स्वभावातच मुरला, त्याचं सगळं श्रेय त्या शिंकेला.

माझ्या छातीत एक स्प्रिंग आणि एक लोखंडी पट्टी बसवली होती. पुरेसं खोल दाबलं की पट्टी 'टक्' अशी वाजायची. कमी दाबलं तर मी गप्प. एवढंच काय ते माझ्या पोटातलं तंत्रज्ञान. पण या एका 'टक्'ने काय काय घडतं, ते मी नर्सिंगच्या शाळेत पाहिलं.

तिथे पहिल्या वर्षाच्या मुली यायच्या. शिकवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे, खरं तर तेव्हा त्या वयाने लहानच होत्या. मुली माझ्या छातीवर हात ठेवायच्या आणि अलगद दाबायच्या. त्यांना वाटायचं मला लागेल. मोठ्या सिस्टर कधी रागावल्या नाहीत. म्हणायच्या, "बरगडी मोडेल म्हणून घाबरता ना? मोडली तर जोडता येते. बंद पडलेलं हृदय मात्र तुमची भीती जाईपर्यंत थांबत नाही."

एक मुलगी होती, मनगटं काडीसारखी. तिच्या हातून 'टक्' काही केल्या वाजेना. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गेल्या तरी ती माझ्यापाशी बसून राहिली. सिस्टर तिच्या शेजारी येऊन गुडघ्यांवर बसल्या. "हातांनी दाबू नकोस. कोपरं ताठ ठेव, खांदे हातांच्या बरोबर वर आण आणि आपलं सगळं वजन याच्यावर टाक. तुझं वजन आहे ना? मग झालं." मुलीने वजन टाकलं. टक्. तिने चटकन मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणी तर वाजवलं नाही ना म्हणून. मग पुन्हा दाबलं. पुन्हा टक्. त्या दिवशी ती जेवलीच नाही. दमून लाल झाली, घामाघूम झाली आणि हसत राहिली. तिला कुणी बक्षीस दिलं नव्हतं, शाबासकीही अजून मिळायची होती. आपल्या हातून आपल्यालाच जमलं नव्हतं ते जमलं, एवढ्यावर माणूस जेवण विसरतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मी थक्क झालो.

मुलींनी माझं नाव 'मामा' ठेवलं. माझ्याशी त्या मोठ्या प्रेमाने वागायच्या. स्पिरिटच्या बोळ्याने रोज माझा चेहरा पुसायच्या, परीक्षेला जाताना डोक्यावर टपली मारून जायच्या. पाहुणे आले की सिस्टर मला पुढे करायच्या. मला भाव चढला होता हे नाकबूल करण्यात अर्थ नाही.

मग एके दिवशी शाळेत पुरा रबरी माणूस आला. त्याला हात होते, पाय होते, तो डोळे मिचकावायचा, कण्हायचा, आणि त्याला घामसुद्धा यायचा म्हणे. सगळ्या मुली त्याच्याभोवती जमल्या. मला कपाटावर चढवलं, रिकाम्या खोक्यांच्या मागे. मी जळलो का? जळलो. रबर जळल्यावर वास येतो, तो कुणाला आला नाही एवढंच. वर्षानुवर्षं मी तिथे होतो. चेहऱ्यावर धुळीचा थर बसला आणि एका पालीने माझ्या मानेखाली बिऱ्हाड केलं.

मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांना विचारलं, आठवण म्हणून काय हवं? लोकांना वाटलं, फोटो मागतील. त्या म्हणाल्या, "कपाटावरचा मामा द्या." सगळे हसले. त्यांनी मात्र मला खाली उतरवून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि एका मोठ्या सुटकेसमध्ये घातलं. सुटकेसची एक कडी बंद होत नव्हती. बसमध्ये शेजारच्या आजोबांनी सहज खाली पाहिलं तर फटीतून माझं नाक आणि ती डावी भुवई. आजोबा जागचे उठून थेट ड्रायव्हरपाशी जाऊन उभे राहिले आणि उतरेपर्यंत मागे फिरकले नाहीत. सिस्टरना दोन जागा मिळाल्या.

घरी बसायचं सिस्टरांच्या जिवावर आलं होतं. कारखाने, गोदामं, कार्यालयं, जिथे माणसं काम करतात तिथे जाऊन हे शिकवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांची भाची इंजिनिअर. तिने माझी छाती उघडली आणि कातडीखाली एक पातळ चकती बसवली. बाहेर एक टॅब. आता माझ्यावर दाबलं की टॅबवर एक रेघ खाली जाते, सोडलं की वर येते. किती खोल, किती भरभर, मध्ये किती थांबलात, सगळं त्या रेघेत दिसतं. जुनी 'टक्' तिने काढली नाही. म्हणाली, "मावशी, ही राहू दे. कानांनाही काहीतरी हवं."

अशा रीतीने मी म्हातारपणी पुन्हा कामाला लागलो आणि एका धुलाईच्या कारखान्यात येऊन पडलो.

कारखाना मोठा होता. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. खाली यंत्रं धुवायची, पिळायची. मग ओल्या चादरी गरम रुळांमधून सपाट होऊन वर घडीच्या दालनात यायच्या. तिथे बायका जोडीजोडीने उभ्या असायच्या. दोघींनी चार टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, दुमडायची, तळव्याने सुरकुती पुसायची आणि घडी गठ्ठ्यावर टाकायची. बोलणं चालू, हसणं चालू, हात आपलं काम करताहेत. मला अंगात एक सदरा चढवून या दालनाच्या कोपऱ्यात सतरंजीवर निजवलं होतं. ते हात बघताना माझा दिवस कसा जायचा कळायचं नाही.

दालनावर एक मुकादम होते. माणूस वाईट नव्हता, पण आवाज असा की रुळांच्या वर ऐकू यायचा. प्रत्येक पाळीत प्रथमोपचार येणारी माणसं हवीत असा वरून हुकूम आला होता, म्हणून त्यांनी सिस्टरना बोलावलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर एक फळा टांगला. ज्यांना जमलं त्यांची नावं हिरव्या खडूने, ज्यांना नाही त्यांची लाल खडूने. त्यांची समजूत अशी की चारचौघांत लाज वाटली की माणूस सुधारतो.

लाल नावांत पहिलं नाव होतं एका घडीवालीचं. तिला सगळ्या 'टापटीप' म्हणायच्या. तिच्या घडीची कड पट्टीने आखल्यासारखी यायची आणि घरीसुद्धा ती वाळत घातलेले कपडे दोनदा नीट करायची, असं तिची जोडीदारीण सांगायची. ही जोडीदारीण वयाने मोठी, तिला सगळे मावशी म्हणत.

टापटीप माझ्याकडे आली ती आपल्या सासऱ्यांसाठी. ते त्याच कारखान्यात खाली बॉयलरवर होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबांचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितलं होतं की औषधं चालू ठेवा, पण घरातल्या कुणीतरी छाती दाबायला शिकून घ्या, कधी वेळ येईल सांगता येत नाही. मुलगा फिरतीच्या नोकरीवर. आबा काम सोडायला तयार नाहीत. मी नसलो तर बॉयलर रुसेल, म्हणायचे. उरली ती सून. दिवसभर एकाच छपराखाली असणारी तीच.

आबांना याची गंमत वाटायची. पाणी प्यायला वर आले की माझ्याकडे बघून म्हणायचे, "काय पाव्हणं, आमच्या सूनबाईंनी मारलं का जिवंत केलं?"

"आबा, चेष्टा नको," ती म्हणायची.

"अगं, आधीच माझ्या छातीवर बसून गोळ्या खायला लावतेस. आणखी दाबायचं काय शिल्लक ठेवलंयस?"

सगळ्या हसायच्या. तीही हसायची, पण ते खाली गेले की तिचा चेहरा उतरायचा. तो मी खालून पाहत असे.

अडचण अशी होती, मित्रांनो, की तिची ताकद पुरेशी होती, 'टक्' वाजत होती, जागा बरोबर होती, तरी टॅबवर दर वेळी लाल खूण यायची. सिस्टर म्हणायच्या, "ताई, मध्ये हात उचलताय तुम्ही. उचलू नका."

"मी नाही उचलत."

"उचलताय."

"सिस्टर, शपथ घेऊ का? माझे हात मला माहीत नाहीत?"

ती खोटं बोलत नव्हती. खरोखरच तिला कळत नव्हतं. मला कळत होतं, पण मी पडलो मुखदुर्बळ. शेवटी एकदा मुकादम मागे येऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "तुला जमत नसेल तर सोड ना. तेवढ्या वेळात गठ्ठा तरी होईल." त्या दिवसापासून ती कोपऱ्याकडे यायची बंद झाली. समोर चादरी दुमडायची, पण माझ्याकडे बघायची नाही. मला फार वाईट वाटलं. फळ्यावर तिचं नाव लालच राहिलं, आणि खाली आबा बॉयलरपाशी होतेच.

सिस्टरनी मुकादमांना बाजूला घेतलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "या फळ्यामुळे किती जण लालचे हिरवे झाले?"

मुकादमांनी फळ्यावरची नावं मोजली. "एकही नाही," ते म्हणाले.

"मग उतरवूया का?"

फळा उतरला. त्याऐवजी भाचीने टॅबमध्ये एक सोय केली. जी बाई दाबेल तिला फक्त तिची स्वतःची मागच्या वेळची रेघ दिसेल आणि तिच्याखाली आजची. दुसऱ्या कुणाची नाही. मुकादमांना हे काही फारसं पटलं नाही.

मग सिस्टर टापटीपकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मला मदत कराल? तुमची रेघ मला समजत नाही. तुम्हीच बघून सांगा." ती नाइलाजाने आली. टॅब हातात घेतला. रेघ खाली, वर, खाली, वर, आणि मग एक सपाट तुकडा. पुन्हा खाली, वर, पुन्हा सपाट तुकडा. ठरावीक अंतराने, न चुकता.

"हे यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

"असेल. मावशी, तुम्ही दाबून बघा बरं."

मावशींनी दाबलं. त्यांच्या रेघेतही तसाच सपाट तुकडा. मग तिसरीने दाबलं, चौथीने दाबलं. घडीच्या दालनातल्या एकूण एक बाईच्या रेघेत तो तुकडा होता. खालून धुण्याच्या यंत्रावरचे दोघे बाप्ये बोलावले. त्यांच्या रेघेत दुसऱ्या चुका होत्या, पण हा तुकडा नव्हता. सगळ्या जणी टॅबवर झुकल्या.

सिस्टरना तोपर्यंत समजलं होतं. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा दाबा, आणि रेघ नका बघू. तुमचे हात बघा."

टापटीपने दाबायला सुरुवात केली, नजर हातांवर. काही दाब झाले, माझा सदरा चुरगळला, आणि तिचा उजवा तळवा सुटला, सदऱ्यावरून अलगद फिरला, सुरकुती पुसली आणि परत जागेवर आला. ती थांबली. आपल्या तळव्याकडे तिने असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "आपण मामाला इस्त्री करतोय."

मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. मुकादमसुद्धा तोंड फिरवून हसले. सिस्टर मात्र हसत नव्हत्या. त्या टापटीपच्या हाताकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं तेच माझ्या मनात होतं. मी एवढे हात पाहिले, पण न विचारता, न कळवता, हृदय चालू करतानाही आपलं काम चोख करणारे हात मी पाहिले नव्हते. सिस्टर हळूच म्हणाल्या, "हे हात चुकत नाहीयेत. हे फार शिकलेले हात आहेत. त्यांना आणखी एक गोष्ट शिकवायची आहे, एवढंच."

ती गोष्ट सोपी नव्हती. सिस्टरनी मला रोज सर्वांत चुरगळलेला सदरा घालायला सुरुवात केली. एकदा तर ओल्या कपड्यांच्या पिंपातून पिळून काढलेला. तो बघून घडीवाल्या अक्षरशः कासावीस व्हायच्या. सुरकुती डोळ्यांसमोर आणि तिला हात लावायचा नाही. टापटीप ओठ चावून दाबत राहायची. मावशी समोर बसून म्हणायच्या, "राहू दे गं, राहू दे तशीच, त्याला कुठं लग्नाला जायचंय." पहिल्या आठवड्यात सपाट तुकडे कमी झाले. मग आणखी कमी. रोज काम सुरू होण्याआधी ती यायची, कालची रेघ बघायची आणि आजची तिच्याखाली उमटवायची. तिला कुणी बोलवत नव्हतं. आणि एका सकाळी रेघ आरंभापासून शेवटपर्यंत सलग आली. तिने ती बोटाने वरून खाली, खालून वर अशी गिरवली आणि चादरींकडे गेली. दमल्यावर एकमेकींना जागा कशी द्यायची, तेही त्या शिकल्या. एक उठायची, दुसरी बसायची, आणि रेघेत खंड पडायचा नाही. चादरीची टोकं एकमेकींच्या हाती देणाऱ्या बायकांना हे शिकवावंच लागलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. रूळ नेहमीसारखे फिरत होते. वाफेचा दाब पुरतोय का, हे विचारायला आबा वर आले. मुकादमांशी बोलता बोलता त्यांनी चादरींच्या ढकलगाडीवर हात टेकला. गाडीला चाकं होती, ती सरकली. आबा तिच्या मागे सरकल्यासारखे वाटले आणि मग खाली पडले, माझ्यापासून फार तर चार हातांवर.

मग हातातली चादर सोडून टापटीप धावत आली. त्यांच्या खांद्यांवर थापट्या मारल्या. "आबा. आबा, ऐकू येतंय का? आबा." उत्तर नाही. छातीकडे बघितलं. छाती हलत नव्हती. तिने मान वर केली आणि मुकादमांकडे बोट दाखवलं. "तुम्ही. ॲम्ब्युलन्स बोलवा, आत्ता." ज्या आवाजात ती बोलली तो मुकादमांच्या आवाजापेक्षा मोठा नव्हता, पण मुकादम पळाले.

ती गुडघ्यांवर बसली. आबांचा खाकी सदरा घामाने भिजला होता आणि छातीवर गोळा झाला होता. मित्रांनो, मी हे सगळं खालून, आडव्या नजरेने बघत होतो. तिचा उजवा हात त्या सुरकुतीकडे निघाला. मला दिसला. हवेतच थांबला. मग तो डाव्या हातावर बसला, कोपरं ताठ झाली, खांदे वर आले, आणि तिने दाबलं.

तिथे 'टक्' नव्हती. रेघ नव्हती. तिला सांगायला कुणी नव्हतं, आणि समोर रबर नव्हतं, आबा होते, ज्यांच्यापुढे ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. ती मोठ्याने मोजत होती. तिचा आवाज फाटला तेव्हा मावशी समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "दे." एक हात उठला, दुसरा बसला. मग तिसरी आली, मग पुन्हा टापटीप. मुकादम परत आले आणि त्यांनी सगळे रूळ बंद केले. तो आवाज थांबल्यावर दालनात फक्त मोजणं ऐकू येत होतं. सदरा चुरगळून त्याचं फडकं झालं होतं आणि एकीचाही हात त्याच्याकडे गेला नाही. मी कधी कुणाचा एवढा आदर केला नसेल, जेवढा त्या हातांचा केला.

ॲम्ब्युलन्सवाले झटका द्यायचं यंत्र घेऊन आले. त्यांनी छातीला चिकट पट्ट्या लावल्या आणि म्हणाले, "आम्ही सांगेपर्यंत थांबू नका." मग थांबायला सांगितलं, झटका दिला, पुन्हा दाबायला सांगितलं, पुन्हा झटका दिला. मग आबांना उचलून घेऊन गेले. गाडीत जागा नव्हती, म्हणून मुकादम मागून गेले आणि टापटीपला मावशींनी भिंतीपाशी बसवलं.

आबा जगतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं. सिस्टर आल्या तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. तिने एकच विचारलं, "मी बरोबर केलं का? मला कोण सांगणार?"

सिस्टरनी तिला जवळ घेतलं नाही, धीर दिला नाही. त्यांनी टॅब चालू केला, माझ्यापाशी ठेवला आणि म्हणाल्या, "दाब. मघाशी दाबलंस तसं."

ती उठून माझ्यापाशी आली. तिने दाबलं. डोळ्यांतलं पाणी माझ्या तोंडावर पडत होतं आणि ती मोजत होती. बराच वेळ दाबल्यावर सिस्टरनी तिला थांबवलं आणि टॅब तिच्या हातात दिला. रेघ सलग होती. खोल, एकसारखी, कुठेही न तुटलेली.

"असंच केलंस?"

"असंच."

"मग बरोबर केलंस. आता पुढचं जे होईल ते होईल, पण तू बरोबर केलंस." तेव्हा ती रडली.

आबा वाचले. दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्या जुळून आल्या. बरेच आठवडे घरी काढून ते एका सकाळी दालनात आले, काठी टेकत, बारीक झालेले. बॉयलर आता दुसऱ्याकडे होता. घडीवाल्यांनी काम थांबवलं आणि मुकादमांनी त्यांना थांबू दिलं. आबा माझ्याजवळ आले. मला वाटलं, चेष्टा करतील. ते हळूहळू खाली बसले, सुनेने आधार दिला.

"कुठं दाबलंस गं?" त्यांनी विचारलं.

तिने त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्या छातीच्या मधोमध ठेवला. "इथं."

आबांनी तळवा तसाच ठेवला. दाबला नाही, दाबता आलंच नसतं. आणि मित्रांनो, त्या तळव्यातून मला ठोके कळले. मंद, थोडे अडखळते, पण एकामागून एक येणारे. माझ्या छातीत एक स्प्रिंग, एक पट्टी आणि एक चकती आहे, बाकी काही नाही. तेवढा वेळ मात्र माझ्या छातीवर एक हृदय चाललं होतं, आणि ते या बायकांनी चालू ठेवलेलं होतं. आबांनी सुनेकडे पाहिलं. तिने मान खाली घालून त्यांचा दुसरा हात धरून ठेवला.

आता माझ्या मानेचं रबर चिरलं आहे आणि भुवया फिकट झाल्या आहेत. माझ्यासारखी वस्तू तुमच्या शाळेत किंवा कामाच्या जागी असेल तर तिला कपाटावर टाकू नका. चेहरा पुसा, तिच्यापाशी गुडघे टेकून बसा आणि शिकून घ्या. शेजारच्याला जमत नसेल तर त्याचं नाव भिंतीवर लिहू नका. त्याच्याजवळ बसून त्याचे हात त्याला दाखवा. आणि आज निजण्याआधी आपल्या छातीवर तळवा ठेवून बघा. तिथे कुणीतरी न सांगता, न थांबता काम करतंय. मला ते फक्त बाहेरून कळतं. तुम्हाला ते आत मिळालं आहे. त्याला जपा, आणि दुसऱ्याचं थांबलं तर तुमचे हात तयार असू द्या.